वाचक विचारतात : खरा पक्ष कोणाचा, हे ठरवतं कोण?

प्रश्न : मुलगा आणि सून न्यू जर्सीत असतात, दोघंही आता तिथले नागरिक. २०१६ ला मुलगा सँडर्सच्या बाजूने आणि सून हिलरींच्या, तेव्हापासून प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची निवडणूक, आली की घरात वाद ठरलेला. दोघंही डेमोक्रॅट म्हणवतात आणि एकमेकांना 'तू खरा डेमोक्रॅट नाहीस' असं सुनावतात. सून म्हणते सँडर्स मुळात पक्षाचेच नव्हते. तसं असेल तर त्यांना उभं तरी कसं राहू दिलं? आपल्याकडे हे चाललं असतं का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : सूनबाईंचं म्हणणं खरं आहे. बर्नी सँडर्स व्हरमाँटमधून सिनेटवर निवडून येतात ते अपक्ष म्हणून, पण २०१६ ला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडून मागितली आणि १ कोटी ३० लाखांच्या वर मतं घेतली, हिलरींना १ कोटी ७० लाखांच्या आसपास मिळाली. उभं कसं राहू दिलं याचं उत्तर असं की तिकडे पक्षाचं दार लावून घ्यायला कोणी बसलेलं नसतं. आपल्यासारखी पावती फाडून सभासद व्हायचं, मग शहराध्यक्षांच्या मागे फिरायचं, असला प्रकार नाही. ज्या राज्यांत पक्षनोंदणी आहे तिथे मतदार यादीच्या सरकारी फॉर्मवरच पक्षाचा रकाना असतो, तिथे खूण केली की झालात डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन, फी नाही, मुलाखत नाही, आणि काही राज्यांत तर तो रकानाही नाही.

हे पहिल्यापासून असं नव्हतं हां. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅट्सचे उमेदवार झाले, पुढाऱ्यांनी ठरवलं आणि झालं, बाहेर शिकागोच्या रस्त्यावर पोलीस व्हिएतनाम युद्धाविरोधात आलेल्या पोरांना झोडपत होते. ती निवडणूक पक्ष हरला, आणि मग नियम बदलले, १९७२ पासून पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवताना मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींचं वजन वाढत गेलं. तरी पुढाऱ्यांनी 'सुपरडेलिगेट', म्हणजे मतदारांनी न निवडलेला पण अधिवेशनात मत असलेला प्रतिनिधी, अशी जागा स्वतःसाठी पुन्हा करून घेतलीच, २०१६ ला सँडर्सवाल्यांचा खरा राग त्याच्यावर होता, आणि २०१८ मध्ये पक्षाला नियम करावा लागला की चुरस असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटनी मत द्यायचं नाही.

आता आपल्याकडे बघा. खरी शिवसेना कोणाची हे १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने ठरवलं, खरी राष्ट्रवादी कोणाची हे ६ फेब्रुवारी २०२४ ला, आणि दोन्ही वेळेला मोजले ते आमदार-खासदार. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या चिन्हावर बटण दाबलं त्यांना कोणी विचारलं नाही. तुमच्या घरातला वाद तोच आहे, खरा पक्ष कोणाचा, फक्त तिकडे त्याचा निकाल साधा मतदार लावतो आणि दर चार वर्षांनी बदलूही शकतो. मला ही पद्धत मनापासून बरी वाटते, भांडणं होतात तरीही. आणि तुम्ही कोथरूडचेच आहात, २०१९ ला मेधा कुलकर्णी विद्यमान आमदार असताना तिकीट चंद्रकांत पाटलांना गेलं, तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या पक्क्या भाजप मतदाराला कोणी विचारलं होतं का? २०२३ ला कसब्याच्या पोटनिवडणुकीत भाजपने टिळकांच्या घरात उमेदवारी दिली नाही, पेठांमधली नाराजी उघड दिसत होती, पण ती सांगायची जागाच नाही. सांगायची ती थेट मतदानाच्याच दिवशी, आणि १९९५ पासून हातात असलेली जागा गेली. नाराजी हे एकच कारण नव्हतं, पण प्रायमरी असती तर ती आधी बाहेर आली असती एवढं नक्की. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला काही मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी करून बघितली होती, पण वडोदऱ्यात त्यातून निवडलेला उमेदवार मोदी तिथून उभे राहिल्यावर बदलला, मग कार्यकर्त्यांचा विश्वास कसा बसणार!

प्रश्न : मग दुसऱ्या पक्षाचे लोक येऊन मुद्दाम कमजोर उमेदवार निवडून देत असतील की? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : भीती सगळ्यांनाच वाटते, पण ठरवून असं करणारे फार थोडे, निकाल फिरेल एवढे सहसा नसतात. राज्याराज्यांचे नियम वेगळे. न्यू हॅम्पशायरमध्ये ज्याची पक्षनोंदणी नाही तो मतदार केंद्रावर येतो, टेबलापाशी सांगतो मला अमुक पक्षाची मतपत्रिका द्या, त्या क्षणी तो त्या पक्षाचा होतो, मत देतो, आणि बाहेर पडताना एका कार्डावर सही करून परत कोणाचाच नाही होऊ शकतो. न्यूयॉर्कचं बरोबर उलटं, तिथे नोंदणी असेल त्याच पक्षात मत. २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपली होती, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात निवडणूक नव्हतीसुद्धा, त्यामुळे सँडर्सचे किती तरी तरुण समर्थक बाहेर राहिले, आणि इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. मला हे फार कडक वाटतं.

प्रश्न : प्रायमरीत एवढं फाटल्यावर मुख्य निवडणुकीत पक्ष हरणारच ना? २०१६ ला सँडर्सवाल्यांनीच हिलरींना पाडलं म्हणतात. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : एवढं सरळ नाहीये ते. २०१६ ला प्रायमरीत सँडर्सना मत दिलेल्यांपैकी साधारण १२ टक्के लोक नोव्हेंबरात ट्रम्पकडे गेले असं एका मोठ्या सर्वेक्षणात दिसलं, आणि मिशिगन तर हिलरी अवघ्या १०,७०४ मतांनी हरल्या, त्यामुळे दोष द्यायला सोपं जातं. पण २००८ आठवा, ओबामा आणि हिलरी जूनपर्यंत भांडत होते, दोघांना जवळपास सारखी मतं, आणि हिलरींच्या मतदारांपैकी रिपब्लिकन उमेदवार मॅकेनकडे गेलेल्यांचं प्रमाण याच्यापेक्षा जास्त होतं, तरी ओबामा आरामात जिंकले. कारण त्या वर्षी अर्थव्यवस्था कोसळली होती आणि बुशवर लोक चिडलेले होते.

दुसरं असं की सँडर्सकडून ट्रम्पकडे गेलेल्यांतले बरेच जण मनाने डेमोक्रॅट नव्हतेच. वेस्ट व्हर्जिनियाचं उदाहरण घ्या, कोळसा खाणींचं राज्य, युनियनमुळे आजोबा-पणजोबांपासून डेमोक्रॅट म्हणून नोंदणी, पण २००० पासून राष्ट्राध्यक्षपदासाठी मत कायम रिपब्लिकनला. तिथे २०१२ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, ओबामा विद्यमान अध्यक्ष असताना, टेक्सासच्या तुरुंगात असलेल्या एका कैद्याला सुमारे ४१ टक्के मतं पडली! कैद्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं, ओबामा नको एवढंच सांगायचं होतं. २०१६ ला त्याच राज्यात सँडर्स जिंकले तर ती सगळी डाव्या विचारांची मतं असं धरून चालणं चूक आहे. कागदावरचा पक्ष बदलायला माणसाला कधी कधी वीस-वीस वर्षं लागतात, मत आधी बदलतं. फूट म्हणतात ती बरेचदा आधीच पडलेली असते, प्रायमरीत फक्त दिसते.

खरंच पाडायचं असेल तर १९१२ सारखं करावं लागतं. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, पण अधिवेशनात पुढाऱ्यांनी उमेदवारी विद्यमान अध्यक्ष टाफ्टना दिली, रूझवेल्ट नवा पक्ष काढून उभे राहिले, रिपब्लिकन मतं फुटली आणि डेमोक्रॅट वुड्रो विल्सन निवडून आले.

प्रश्न : मुलगी व्हर्जिनियात असते. नातू १७ वर्षांचा, जन्म तिकडचाच, म्हणतो मी प्रायमरीत मत देणार. १८ पूर्ण नसताना कसं? शिवाय जावयांकडे ग्रीन कार्ड आहे, ते देऊ शकतात का? (एक आजी, औंध)

उत्तर : आजी, नातू बरोबर सांगतोय. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होत असतील तर व्हर्जिनियात प्रायमरीत १७ व्या वर्षी मत देता येतं, फक्त नाव वेळेत नोंदवायला सांगा. तिथे पक्षनोंदणी नाही, त्यामुळे कोणत्या पक्षाची मतपत्रिका मागायची ते तो केंद्रावर ठरवू शकतो, मात्र एकच मिळेल. जावयांना नाही, मत फक्त नागरिकाला, ग्रीन कार्डवर उमेदवाराला देणगी देता येते पण मत नाही, आणि चुकून नोंदणी केली तर पुढे नागरिकत्वाला अडचण येते, तेवढं त्यांना आवर्जून सांगा.