वाचकांचे प्रश्न : हनोईतले पहिले दोन दिवस

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मी प्रथमच एकटी परदेशी गेले आणि त्यासाठी व्हिएतनामची निवड केली. हनोईतले पहिले दोन दिवस फार जड गेले. रस्ता ओलांडता येईना, पाट्या रोमन अक्षरांत असूनही मी उच्चारलेले एकही नाव कुणाला कळेना, आणि हॉटेलातल्या मुलीपासून फळवालीपर्यंत जो तो आधी माझे वय विचारी. परतीचे तिकीट अलीकडचे करून घ्यावे, इथवर विचार गेला होता. तिसऱ्या दिवसापासून मात्र तेच शहर आवडू लागले. आता प्रवासवर्णन लिहायला बसल्यावर पेच पडला आहे की, यांतली खरी छाप कोणती मानावी?

उत्तर : दोन्ही खऱ्या, असे सांगून मोकळे होता येईल, पण माझे मत तसे नाही. पहिल्या दोन दिवसांत आपण जे पाहिले ते खरे होते. त्याचा लावलेला अर्थ चुकला होता. सोबत कुणी असते तर तो बोलता बोलता दुरुस्त झाला असता. एकट्या प्रवाशाच्या तर्काला हटकणारे कुणी नसते, त्यामुळे सकाळची शंका रात्रीपर्यंत ठाम मत होऊन बसते.

वयाचाच प्रश्न घ्या. व्हिएतनामी भाषेत रोजच्या बोलण्यातल्या 'मी' आणि 'तू' यांच्या जागी बहुधा नात्याचे शब्द येतात. समोरचा पुरुष थोडा मोठा असेल तर तो 'आन्ह', म्हणजे थोरला भाऊ. स्त्री असेल तर 'ची', म्हणजे थोरली बहीण. वयाने लहान असेल तर 'एम'. आणि बोलणारा स्वतःचा उल्लेखही त्याच नात्याच्या हिशेबाने करतो. तेव्हा वयाचा अंदाज आल्याशिवाय त्या फळवालीला आपल्याशी नीट बोलायला सुरुवात करणेच अवघड होते. आपल्याला जो आगाऊपणा वाटला, तो तिच्या भाषेचा शिष्टाचार होता.

पाट्यांची फसवणूक याहून जुनी आहे. ही रोमन लिपी सतराव्या शतकात युरोपीय धर्मप्रसारकांनी घडवली. त्यांच्यापैकीच एक, आलेक्सांद्र द रोड, यांचा व्हिएतनामी कोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. अक्षरे ओळखीची असली तरी हनोईच्या बोलीत सहा सूर आहेत, आणि अक्षरांच्या वर-खाली दिसणाऱ्या चिन्हांपैकी बरीचशी तेच सूर दाखवतात. एकाच 'मा'चा सूर बदलला की भूत, घोडा किंवा भाताचे रोप असा अर्थ बदलत जातो. तिथे पत्ता उच्चारण्यापेक्षा लिहिलेला दाखवणे शहाणपणाचे.

रस्त्याविषयी एवढेच, की दुचाकींचा लोंढा थांबेल म्हणून वाट पाहणारा माणूस कडेलाच राहतो. एकसारख्या संथ गतीने, न थबकता आणि मागे न फिरता चालत राहिल्यास दुचाकीस्वार आपला अंदाज घेऊन बाजूने निघून जातात. आपण होआन किएम तळ्याच्या आसपास उतरला असाल, तर हे तिसऱ्या दिवशी पायांनी आपोआप शिकून घेतले असेल. मोटारी आणि बस यांना मात्र हा नियम लावू नये. त्यांना जाऊ द्यावे. आणि पुन्हा जाणार असाल तर वीस हजार व पाच लाख डोंगच्या नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात, कारण दोन्ही निळसर आहेत आणि दोन्हींवर हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे.

तिसऱ्या दिवसाच्या आवडीवरही फार विसंबू नये. तिच्यात शहराइतकाच आपल्या सुटकेच्या भावनेचा वाटा असतो, आणि अशा सुटकेपोटी लिहिलेली प्रवासवर्णने गोडगोड होतात. म्हणून मी लेखाची सुरुवात पहिल्या दिवसापासूनच करीन आणि त्या वेळी लावलेला चुकीचा अर्थही तसाच ठेवीन. त्या फळवालीला आपण अखेर खरे वय सांगितले की नाही, हे मात्र आपल्या पत्रात नाही. लेखात ते अवश्य यावे.