राहून गेलं, असं म्हणू नकोस

प्रिय पोरी,

काल फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरातच बसून होते. "मावशी, नोकरीतलं डेंटल, म्हणजे दातांचा विमा, घेऊ की नको?" असं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणालीस, "जाऊ दे, बघू. दिवाळी होऊन जाऊ दे." त्या 'बघू'ने माझी झोप गेली, म्हणून हे लिहिते आहे.

नोकरीला लागून तुला २२ दिवस झाले. बेनिफिट्स, म्हणजे नोकरीतून मिळणारे विमे वगैरे, निवडायला तुझ्या कंपनीने रुजू झाल्यापासून ३१ दिवस दिलेत. उरले ९. त्यातच शनिवार-रविवार, त्यातच लक्ष्मीपूजन, त्यातच मंडळाचा कार्यक्रम आणि तुझ्या नाटकाच्या तालमी. ते जिथे निवडायचे त्या वेबसाइटला, पोर्टलला, यातलं काही कळत नाही.

मेडिकल, म्हणजे आजारपणाचा विमा, तू पहिल्याच आठवड्यात घेतलंस, कारण ते नसलं तर काय होतं हे प्रत्येकाने तुला घाबरवून सांगितलं होतं. दातांचा विमा वेगळा का, हे मात्र तुला पटेना. "दात शरीरात नसतात का?" असतात गं. पण या अमेरिकेने दात पहिल्यापासून वेगळे काढलेत. १९६५ साली वयस्कांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा आला, त्यात दातांचे नेहमीचे उपचार धरले नाहीत. २०१० च्या ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्याने मुलांचे दात अत्यावश्यक मानले, मोठ्यांचे नाही. म्हणून मेडिकल झालं की पोर्टलवर दातांचं वेगळं पान येतं. तिथे काही न निवडता मुदत संपू दिलीस, की तुझ्या नावापुढे 'वेव्ह' पडतं. म्हणजे तू नकार दिलास, असं ते धरतात. तू तर काहीच ठरवलेलं नसतं!

तू डेंटल घेतलंच पाहिजेस असं मी म्हणत नाही. नको असेल तर नको घेऊस. पण त्या पानावर बस, आकडे बघ आणि 'नको'वर स्वतःच्या बोटाने क्लिक कर. ठरवून नाही म्हण. राहून गेलं, असं म्हणू नकोस.

मी म्हटलं होतं. २००३ ची गोष्ट. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, घरात पहिल्यांदा सगळा फराळ होत होता. तेव्हा कागदी फॉर्म असत. माझा फॉर्म पिवळ्या पाकिटात, फ्रीजवर मॅग्नेटखाली, तीन आठवडे डोळ्यांसमोर होता. शेवटची तारीख शुक्रवारची. मला आठवलं सोमवारी, ऑफिसात गाडी लावताना. एचआरमधल्या बाई भल्या होत्या, त्यांनी खरंच वरपर्यंत विचारून पाहिलं. उत्तर आलं, पुढच्या नोव्हेंबरात.

तेव्हा मला तो दुष्टपणा वाटला. आता कारण माहीत आहे. हा हप्ता पगारातून कर लागण्याआधी कापला जातो, आणि त्या सवलतीची अट अशी की निवड वर्ष सुरू होण्याआधी करायची आणि मग वर्षभर बदलायची नाही. लग्न झालं, मूल झालं, आधीचा विमा गेला, अशा मोजक्याच प्रसंगी दार पुन्हा उघडतं, तेही सहसा ३० दिवसच. दाढ दुखायला लागली, हा प्रसंग त्या यादीत नाही.

माझी दाढ फेब्रुवारीत दुखायला लागली. खालची, उजवीकडची. रूट कॅनाल आणि वरची कॅप मिळून १,९०० डॉलर सांगितले. बाबांच्या ऑपरेशनसाठी आम्ही नुकतेच घरी पैसे पाठवले होते. काढून टाकायला किती, असं मी विचारलं. १८० डॉलर. मी म्हटलं, काढा. ३४ वर्षांची होते मी, आणि वाचण्यासारखी दाढ होती ती. न्यू जर्सीत न्यूअर्कला डेंटल कॉलेज आहे, आता ते रटगर्स विद्यापीठाचं आहे, तिथे शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी पैशात उपचार करतात. आमच्या घरापासून फार तर पाऊण तास. मी कुणाला विचारलंच नाही. ते लक्षात आलं की अजून चिडचिड होते.

पुढच्या नोव्हेंबरात पहिल्याच दिवशी फॉर्म भरला. जानेवारीत ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने खोटा दात, बसवायला गेले, तर पॉलिसीत एक कलम निघालं: विमा सुरू होण्याआधी गेलेल्या दाताच्या जागी काही बसवायचं तर पैसे मिळणार नाहीत. मिसिंग टूथ क्लॉज. सगळ्या योजनांत नसतं, पण पुष्कळांत असतं. काही ठिकाणी पहिल्या संधीला नाव न नोंदवणाऱ्याला मोठ्या कामांसाठी वर्षभर थांबवतातही. तुझ्या योजनेत ही दोन्ही कलमं आहेत का, ते आधी शोध. माझी जागा मोकळी राहिली, ती राहिलीच. शेजारची दाढ तिच्यात कलली, वरची हळूहळू खाली उतरली. आजही मी डाव्या बाजूनेच चावते.

आता तुझा मुद्दा. "डिसेंबरात नागपूरला जाणारच आहे, तिथे करून घेईन." हे वाक्य मी या गावात गेली वीस वर्षं ऐकते आहे. नागपूरला उत्तम डॉक्टर आहेत आणि खर्च इथल्या मानाने किरकोळ आहे, कबूल. पण दाढ तिकीट बघून सुजत नाही. रूट कॅनालला एकाहून जास्त खेपा पडल्या, कॅप लॅबमधून यायला काही दिवस लागले, तर तुझ्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत आईबाबा, मावस बहिणीचं लग्न आणि हे सगळं बसवशील? बसवणार असशील तर तसं ठरव. मी अडवत नाही. पण ठरव!

आकडे तू मला फोनवर वाचून दाखवलेस, तेच लिहिते. दर पंधरवड्याला ९ डॉलर, वर्षाला २६ पगार, म्हणजे २३४ डॉलर. विम्यातून तपासणी आणि दोन क्लीनिंग पूर्ण, फिलिंगला ८० टक्के, कॅपला ५० टक्के, आणि वर्षाची कमाल मर्यादा १,५०० डॉलर. मर्यादेकडे नीट बघ. मोठं दुखणं आलं तर हा विमा अर्ध्या वाटेवर हात सोडतो. १९७० च्या दशकात कित्येक योजनांची मर्यादा १,००० डॉलर होती आणि आजही अनेकांची १,००० ते २,००० च्या मध्येच आहे. पण वर्षातून दोनदा खुर्चीत बसलीस आणि एक्स-रे काढून घेतलेस, तरी तुझे २३४ जवळपास वसूल होतात. आणि जे पैसे भरलेत त्यासाठी माणूस खुर्चीत जाऊन बसतो. दुखत नसताना दंतवैद्याकडे जाणारं आपल्या घरांतलं माणूस दाखव मला.

काका म्हणतात, तू भीतीपोटी भरतेस. गेल्या वीसेक वर्षांत मी एकदाही चुकवलेलं नाही, आणि त्यातल्या बऱ्याच वर्षी जितके भरले तितके परत आले नाहीत, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवलं आहे. हिशेब बरोबर आहे. तरी मी भरणार. माझे बाबा मुंबईच्या गोदीत होते. इथला दातांचा विमा पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने १९५४ मध्ये आपल्या मुलांसाठी मागून घेतला, तिथून सुरू झाला. हे मला फार उशिरा कळलं. गोदीतल्या माणसांनी भांडून मिळवलेली गोष्ट, आणि गोदीतल्याच माणसाच्या मुलीने ती फ्रीजवर मॅग्नेटखाली संपू दिली. काकांच्या हिशेबात हे कुठे लिहायचं?

आणखी एक, हे तुला बहुधा कुणी सांगितलं नसेल. तू सप्टेंबरच्या शेवटी लागलीस. आत्ता जे भरशील ते या वर्षापुरतं. नोव्हेंबरात सगळ्यांसाठी ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाची निवड करायची मुदत, येईल, ते जानेवारीपासूनचं. तुला दोनदा भरायचं आहे. शरदात लागलेली कितीतरी मुलं एकदा भरून निवांत होतात. काही कंपन्या जुनी निवड पुढे चालवतात, काही नाही. फ्लेक्सिबल स्पेंडिंगचे, म्हणजे औषधपाण्यासाठी कर लागण्याआधी पगारातून बाजूला ठेवायचे पैसे तर बहुतेक ठिकाणी दर वर्षी नव्यानेच सांगावे लागतात. एचआरला मेल करून लेखी विचार. आणि पुढे नोकरी बदललीस की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

रविवारी सकाळी दहाला ये. चकल्या पाडायच्या आहेत, मला मदत लागेल. लॅपटॉप आण. आधी ते पान उघडायचं, मग सोऱ्या. घे म्हण किंवा नको म्हण, पण कन्फर्मेशनचं पान माझ्यासमोर पीडीएफ करून ठेव. घेतलंस तर पुढच्या पगाराच्या स्लिपवर ९ डॉलर कापलेले दिसतात का, ते बघून मला कळव.

तुझी,
मावशी