ड्रायर दोन-दोन तास फिरतोय आणि कपडे ओलेच!

जून लागला की या सदरात दरवर्षी एकाच मशीनबद्दल पत्रं येतात. यंदाही ढीग जमलाय, त्यातले जास्त जणांना पडलेले प्रश्न निवडून उत्तरं देतोय.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो, ड्राय बाल्कनीत ड्रायर ठेवलाय, मागून पाइप बाहेर काढलेला आहे. आधी तासाभरात कपडे वाळायचे, आता अडीच तास लावला तरी जीन्स दमटच. मेकॅनिक म्हणतो हीटिंग कॉइल गेली, बदलावी लागेल. बदलू का? (एक गृहिणी, कासारवडवली)

उत्तर : ताई, थांबा, एवढ्यात कॉइल बदलू नका. मला एक सांगा, ड्रम गरम लागतो ना? कपडे बाहेर काढता तेव्हा ते ओले पण गरम असतात ना? मग कॉइल बहुतेक ठणठणीत आहे. ड्रायर नुसत्या उष्णतेने कपडे वाळवत नाही हो, तो हवेने वाळवतो. आतला पंखा खोलीतली हवा ओढतो, ती कॉइलवरून गरम होऊन ड्रममध्ये जाते, कपड्यातलं पाणी वाफ होऊन तिच्यात मिसळतं आणि ती दमट हवा लिंट (कपड्यांतून सुटलेली कापसासारखी तुसं) अडवणाऱ्या फिल्टरमधून पाइपने बाहेर फेकली जाते. आता ही बाहेर जायची वाटच तुंबली तर वाफ आतच फिरत राहते, आतलं तापमान वाढतं, तापमानावर लक्ष ठेवणारा थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, थोडं थंड झालं की परत चालू, परत बंद, आणि ड्रम आपला फिरतोय फिरतोय. तुमच्याकडे हेच होत असणार.

घरच्या घरी एक टेस्ट करा. प्लग काढा, मशीन पुढे ओढा, मागचा पाइप सोडवा, बाल्कनीची खिडकी पूर्ण उघडा आणि पाइपशिवाय पंधरा मिनिटं चालवून मागच्या तोंडाशी हात धरा. जोरात आणि गरम हवा आली तर मशीन ठीक, दोष पाइपात. हवा गरम पण मरगळलेली असेल तर फिल्टर किंवा आतला पंखा लिंटने भरलाय. हवा जोरात पण गार असेल, तरच कॉइल, फ्यूज, थर्मोस्टॅटकडे वळायचं. ही टेस्ट न करता कॉइल बदला म्हणणाऱ्या माणसाला माझा नकार आहे, स्पष्ट सांगतो.

पाइपात काय काय सापडतं ते ऐका. मशीन भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं, मागे पाइप चेपून पापड झालेला. कुणी उरलेला पाइप कापत नाही, तो मागे गुंडाळून ठेवतात आणि प्रत्येक वळणावर लिंट बसतं. बाहेरच्या तोंडाला डासांची बारीक जाळी लावतात, ती तर महिन्यात नमद्यासारखी बंद होते. आणि आपल्या टॉवर्समध्ये कबुतरं! उघडं तोंड दिसलं की काड्या आणून घरटं. म्हणून पाइप चार इंची, ॲल्युमिनियमचा, जमेल तेवढा आखूड आणि सरळ ठेवा, बाहेर जाळीऐवजी हवेच्या जोराने उघडणारं झडपेचं झाकण लावा आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, पाइप काढून आतून साफ करा.

लिंट फिल्टर दर वेळी साफ करायचा हे तुम्ही करतच असाल. पण साफ दिसणाऱ्या जाळीवरही सॉफ्टनरचा न दिसणारा थर बसतो, नळाखाली धरून बघा, पाणी आरपार न जाता वर साचलं तर साबण आणि जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. आणखी एक, पाऊस आत येतो म्हणून ड्राय बाल्कनीच्या सगळ्या काचा बंद करून ड्रायर लावू नका. मशीन बाहेर फेकते तेवढी हवा तिला कुठून तरी आत ओढावी लागते, आणि पाइप कुठे सुटलेला असेल तर तीच दमट हवा परत आत जाते. चार बोटं तरी फट ठेवा.

प्रश्न : आमचा ड्रायर मध्येच बंद पडला, मेकॅनिकने थर्मल फ्यूज बदलला, महिन्यात परत गेला. आता तो म्हणतोय सारखा सारखा खर्च कशाला, डायरेक्ट करून देतो. चालेल का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : नाही. अजिबात नाही. आणि डायरेक्ट करून घेतलं असेल तर आजच प्लग काढा आणि फ्यूज परत बसवून घेईपर्यंत ती मशीन लावू नका.

थर्मल फ्यूज छोटासा आणि स्वस्त पार्ट आहे, पण थर्मोस्टॅट अडकला किंवा हवा तुंबली तर शेवटचा राखणदार तोच. एकदा उडाला की परत जुळत नाही, मुद्दामच तसा बनवलाय. तो काढून वायरला वायर जोडली की आत तापमान कितीही चढलं तरी थांबवणारं कुणी उरत नाही, आणि आत भरलेलं असतं काय तर कोरडं लिंट, जे ठिणगीला लगेच पेटतं. रात्री ड्रायर लावून झोपणारी घरं मला माहिती आहेत म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

फ्यूज परत परत जातोय म्हणजे तो खराब नाही, तो काहीतरी सांगतोय. आधी वरच्या उत्तरातली पाइपची टेस्ट करा. हवा मोकळी असेल तर थर्मोस्टॅट चिकटून बसलाय का आणि कॉइल तुटून तिच्या पत्र्याच्या घराला टेकलीये का हे मल्टिमीटरने तपासून घ्या, असं झालं की कॉइल नको तेव्हाही तापत राहते. नवा फ्यूज त्याच मॉडेलचा, त्याच तापमानाचा. जवळपास जमतो असा चालत नाही.

प्रश्न : वॉशर-ड्रायर एकत्र असलेलं मशीन घेतलं. धुतं छान, पण वाळवायला पाच तास आणि तरी दमट. फसवणूक झाली का? (एक दांपत्य, नेरूळ)

उत्तर : फसवणूक नाही, पण दुकानात सांगायला हवं होतं ते सांगितलं गेलं नाही. अशा मशीनची धुण्याची आणि वाळवण्याची क्षमता वेगळी असते, 8 किलो धुणारं मशीन साधारण 5 किलोच वाळवतं. म्हणजे धुऊन झाल्यावर निम्मे कपडे बाहेर काढून दोनदा वाळवायचे, एका दमात सगळं होत नाही.

दुसरी गोष्ट कुणी सांगतच नाही. यातल्या बऱ्याच मॉडेल्सना वाळवतानाही नळाचं गार पाणी लागतं, त्या पाण्यानेच आतली वाफ थंड करून तिचं परत पाणी केलं जातं आणि ते ड्रेनमधून जातं. तुमच्या सोसायटीत पाणी ठराविक वेळेलाच सोडत असतील, किंवा धुणं झालं की तुम्ही सवयीने नळ बंद करत असाल, तर वाफ आतच राहणार आणि मशीन तासन्‌तास फिरणार. मॅन्युअलमध्ये बघा, तुमचं मॉडेल तसं असेल तर वाळवणं पाणी असेल त्या वेळेत लावा. आणि आधी स्पिन, म्हणजे पिळणं, फुल स्पीडला, मिनिटाला 1200 किंवा 1400 फेऱ्यांवर घ्या. पिळून पाणी काढायला वीज अगदी कमी लागते, तेच पाणी तापवून उडवायला भरपूर.

प्रश्न : सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर नुसता हूं हूं आवाज करतो, फिरत नाही. (एक आजोबा, कळवा)

उत्तर : काका, तुमचा ड्रायर म्हणजे गरम हवेचा नाही, कपडे पिळणारा. प्लग काढा आणि आतलं टब हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर बहुतेक एखादा रुमाल किंवा मोजा कडेने घसरून टबखाली अडकलाय, नाहीतर ब्रेक सुटत नाहीये. झाकण उघडलं-लावलं की ब्रेकची वायर सैल-घट्ट होते, आपल्याकडच्या दमट हवेत तिची स्प्रिंग गंजते. टब हलकं फिरत असेल तर संशय मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या कपॅसिटरवर. तो स्वस्तात मिळतो, पण प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहू शकतो, म्हणून स्वतः हात घालू नका. आवाजच येत नसेल तर झाकणाचा स्विच किंवा टायमर बघायला सांगा.

प्रश्न : ड्रायरचा प्लग हात लावता येणार नाही एवढा तापतो. एक्स्टेन्शन बोर्डवर लावलाय. (एक वाचक, वाशी)

उत्तर : बोर्ड आजच काढा. 2000 वॉटचा ड्रायर 230 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर ओढतो आणि तेही तासभर सलग. त्याला 16 अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि स्वतःची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हवी. पिना काळ्या पडल्या असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, एकच बदलला तर जुना नव्यालाही जाळतो.

प्रश्न : ऑटो मोडवर दहा मिनिटांत बंद होतो, कपडे ओले. टायमरवर मात्र व्यवस्थित चालतो. (एक वाचक, खारघर)

उत्तर : ड्रमच्या तोंडाशी दोन धातूच्या पट्ट्या असतात, तो ओलाव्याचा सेन्सर. सॉफ्टनरचा थर बसला की त्याला कपडे कोरडे वाटतात. कापसावर पांढरं व्हिनेगर घेऊन पुसा. अगदी दोन-तीनच कपडे टाकत असाल तरी असं होतं.

प्रश्न : बाळाला रोज तेल लावून मालिश करतो. ती दुपटी ड्रायरमध्ये टाकली तर चालतील? (एक आई, नौपाडा)

उत्तर : तेल पूर्ण गेलं असेल तरच. कपड्यात राहिलेलं तेल गरम झाल्यावर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून आणखी गरम होतं, आणि असे गरम कपडे ढीग करून ठेवले की आतली उष्णता बाहेर पडत नाही, ते मशीन बंद झाल्यावरही पेटू शकतात. स्वयंपाकघरातल्या तेलकट फडक्यांचंही तेच. म्हणून दुपटी गरम पाण्यात, जास्त पावडर घालून धुवा, वास घेऊन बघा, तेलाचा वास राहिला असेल तर परत धुवा किंवा दोरीवरच वाळवा. आणि शेवटची दहा मिनिटं मशीन गार हवा देते ना, ती कधीही मध्येच बंद करू नका. घाई असली तरी ती पूर्ण होऊ द्या, मग कपडे लगेच काढून सुटे पसरा.