जुन्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला ५ लाखांपर्यंतचं यंत्र भेट द्यायचं आहे. कोणतं द्यावं?

हा तुमचा प्रश्न. सोबत दिलेल्या यंत्रांच्या यादीत तुम्ही यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण अतिनील म्हणजे यूव्ही आणि दृश्य प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) सगळ्यात वर ठेवलाय, म्हणून लिहायला बसलो. आमच्या बॅचने कॉलेजला नेमका तोच दिला होता. डबल बीम (प्रकाशाच्या दोन शलाकांचा), सोबत कॉम्प्युटर आणि भिंतीवर संगमरवरी पाटी. पाटी अजून चकचकीत आहे.

यंत्राचं काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण तुमचंही याच वाटेने जाईल.

खोकं नोव्हेंबरात आलं. उद्घाटन संस्थेच्या अध्यक्षांच्या सोयीने मार्चात ठरलं, आणि तोवर खोकं फोडायचं नाही असा हुकूम. वॉरंटी १२ महिन्यांची, पण माल निघाल्याच्या तारखेपासून. चार महिने खोक्यातच गेले. पर्चेस ऑर्डरवर एक ओळ घाला: वॉरंटी यंत्र बसवून, चालवून दाखवल्याच्या दिवसापासून. ऑर्डर देण्याआधी मागितलं तर बहुतेक विक्रेते मान्य करतात, नंतर कोणी दाद देत नाही.

मग जागा. प्रॅक्टिकलच्या हॉलमध्येच कोपऱ्यातलं टेबल दिलं. सॉल्ट अ‍ॅनालिसिस चालतं तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनियाच्या वाफा कायमच्या. फळीवरच्या बाटल्यांवर जो पांढुरका थर दिसतो ना, बोट फिरवलं की रेघ उमटते, तो अमोनियम क्लोराइड. तोच यंत्राच्या आतल्या आरशांवर बसतो. वर कोकणातला पावसाळा. यंत्राला दार बंद होणारी वेगळी खोली हवी आणि नमुन्याच्या कप्प्यात सिलिका जेलची पुडी हवी. निळी जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत ठेवायची. हे कोणी करायचं, हे नावानिशी ठरलं नाही तर पहिल्या जुलैतच पुडी गुलाबी होते आणि तशीच राहते.

अर्थिंग आधी मल्टिमीटरने तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर आलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग यंत्र. १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस कोटेशनमध्येच धरा.

पण खरा घात क्युव्हेटने, म्हणजे नमुना भरून यंत्रात ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्याने केला. क्वार्ट्‌झची एकच जोडी आली होती, त्यातली एक पहिल्याच सत्रात फुटली. पुढची प्रॅक्टिकल काचेच्या क्युव्हेटमध्ये झाली. साधी काच साधारण ३४० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे यूव्हीतला आलेख सगळा वेडावाकडा. निष्कर्ष काय निघाला? ‘मशीन बिघडलंय.’ त्यानंतर यूव्ही प्रकाश देणारा ड्युटेरियमचा दिवा. त्याचं आयुष्य साधारण १००० तास. सकाळी चालू करून संध्याकाळी बंद करायचा रिवाज असेल तर एका शैक्षणिक वर्षात आटोपतो. नवा दिवा पाच आकडी किमतीचा. विभागाचं वार्षिक बजेट रसायनं आणि काचसामानातच संपलेलं. वार्षिक देखभाल करारात सुटे भाग धरले असले, तरी दिवा ‘कन्झ्युमेबल’ म्हणून बहुतेक वेळा बाहेर असतो. करार वाचल्याशिवाय हे कळत नाही.

शिवाय जडसंग्रह नोंदवही, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. यंत्र तिच्यात चढलं की त्याची जबाबदारी विभागप्रमुखांवर. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते, म्हणून महागडी वस्तू कुलपात. किल्ली सरांच्या कपाटात, सर परीक्षेच्या ड्युटीवर. मोडीत काढायचं तर निर्लेखन समिती बसवावी लागते, ती बसत नाही. कव्हर घातलेलं यंत्र जागा अडवून बसतं आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येते त्या दिवशी कव्हर निघतं. माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाला नॅकच्या मूल्यांकनात जागा आहे, म्हणून प्राचार्य तुमच्या यंत्राला कधीच नाही म्हणणार नाहीत. त्यांच्या होकाराला गरजेचा पुरावा समजू नका.

आता तुमचा प्रश्न. बी.एस्सी.ला बीअर-लॅम्बर्टचा नियम (द्रावण जितकं तीव्र, तितका प्रकाश जास्त शोषला जातो) पोटॅशियम परमँगनेटवर ५२५ नॅनोमीटरच्या आसपास तपासतात. त्याला यूव्ही लागतच नाही. फक्त व्हिजिबलचे, सिंगल बीमचे छोटे स्पेक्ट्रोफोटोमीटर घ्या, ३ लाखांत बसतील तेवढे. काचेचे क्युव्हेट चालतात, साधा हॅलोजन दिवा लागतो, कॉम्प्युटर नको. २० जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाचा हात यंत्राला लागतो, एक यंत्र बिघडलं तर प्रॅक्टिकल थांबत नाही.

उरलेले २ लाख कायम निधी म्हणून द्या. ७ टक्के धरले तर वर्षाला १४,००० रुपये. त्यात दिवे, क्युव्हेट, सिलिका जेल, सगळं निघतं. चेक प्राचार्यांच्या नावाने नको, संस्थेच्या नावाने. सोबत सहीचं पत्र: ही रक्कम कॉर्पस (कायम निधी) आहे, मुदत ठेवीतच राहील, व्याज फक्त रसायनशास्त्र विभागाच्या उपकरणांच्या देखभालीला, न वापरलेलं व्याज परत ठेवीत. दरवर्षी जूनमध्ये ठेवीच्या पावतीची प्रत आणि खर्चाची यादी मागा. पत्र नसेल तर अकाउंटंट ती रक्कम सर्वसाधारण देणगीत जमा करतो आणि ती कुंपणाच्या भिंतीत जाते.

हेच मी बॅचच्या ग्रुपवर मांडलं होतं. उत्तर आलं, ‘मग पाटीवर काय लिहायचं? दिव्यासाठी देणगी?’ लिहा की! काय बिघडतं?

तुम्ही अमेरिकेत आहात म्हणता, तर हे आधी पाहा. पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत आलेले असतील, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत संस्थेला देऊन ठेवा. नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असूनही ती परकीय देणगी. मग संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. पैशांऐवजी लाखांचं यंत्र दिलं तरी यातून सुटका नाही. देणगीवरच्या करवजावटीचा (जिला ८०-जी म्हणतात) उपयोग भारतात करपात्र उत्पन्न असेल तरच, तोही जुन्या करप्रणालीत, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर मुळीच नाही.

विभागात एम.एस्सी. आणि संशोधन चालत असेल, कायमचा लॅब असिस्टंट असेल, तर यूव्हीचं यंत्र जरूर द्या. मग क्वार्ट्‌झच्या तीन जोड्या आणि एक जादा दिवा त्याच ऑर्डरमध्ये. आयआयटीसारख्या ठिकाणचं गणित अर्थातच निराळं. नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. तिथे देणग्या सांभाळायला वेगळी माणसं नेमलेली असतात. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात ते काम कारकुनाच्या टेबलावर, परीक्षा फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली असतं.

आमच्या ग्रुपवरचे दोघे-तिघे इथे असतात, वाचतीलच. दिव्याची किंमत त्यांना ऑर्डर देण्याआधीच सांगितली होती. मेसेज अजून जपून ठेवलाय.