नवा माणूस आधी जातो का?

ताई,

मुलगा आयटीआय फिटर आहे, चार वर्षं चिपळूणजवळच्या खेर्डीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे आणि आता लोट्याच्या रसायन कारखान्यातून त्याला बोलावणं आलंय. पण कपात झाली की नवा माणूसच आधी घरी बसतो, असं दीर म्हणतात, म्हणून तुमचं मन धजत नाही.

दिरांचं म्हणणं कामगारांपुरतं खरं आहे. एकाच प्रकारच्या कामावरच्या कामगारांत जो शेवटी लागला, त्याला आधी कमी करायचं, हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तो डावलायचा तर मालकाला कारणं नोंदवावी लागतात. तरुणांना तो जाचक वाटतो, पण पगार वाढलेल्या जुन्या कामगाराला सहज काढता येऊ नये म्हणून तो आहे. वीस वर्षांनी तो तुमच्या मुलालाच राखेल. पुण्याच्या आयटीचा दाखला मात्र इथे लावू नका. तिथे प्रोजेक्ट बंद झाला की जुने-नवे दोघंही जातात.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. नेमणूकपत्रावर सही कोणाची आहे? कंपनीची की ठेकेदाराची? मंदी आली की आधी ठेका कमी होतो आणि ठेकेदाराची माणसं सगळ्यांच्या आधी गेटबाहेर जातात, मग पाच महिने झालेले असोत की पाच वर्षं. ‘अप्रेंटिस’ म्हणून घेत असतील तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे तो कामगार धरला जात नाही, आणि करारात तशी अट नसेल तर पुढे नोकरी देण्याचं बंधनही कंपनीवर नसतं. हे आत्ताच विचारून घ्या.

कंपनीच्या रोलवर घेत असतील तर त्याने जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षभरात २४० दिवस काम भरलं की कपातीच्या वेळी किमान महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार हा त्याचा हक्क होतो. ते पहिलं वर्षच नाजूक. तेवढं वर्ष बाईकचं नवं कर्ज नको, आणि पगारातली शिल्लक बाजूला पडू दे.

आणि खेर्डीत राहिला म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. त्या वर्कशॉपला जॉबवर्क याच मोठ्या कारखान्यांकडून येत असेल, तर तिथे काम मंदावल्यावर इथली मशिनंही थांबणारच.

नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत राजीनामा नको. नंतर सध्याच्या मालकांना रीतसर मुदत देऊन, अनुभवाचा दाखला घेऊनच निघू दे.