बोन स्कॅननंतर नातीला जवळ घ्यावं का?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझ्या यजमानांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. चवथीच्या आदल्या आठवड्यात हाडं तपासायचा बोन स्कॅन ठरलाय. शेजारी म्हणतात, किरण महिनाभर अंगात राहतात, केस गळतात. सून गरोदर आहे, नात दोन वर्षांची. त्यांना चवथीला येऊ नका म्हणून कळवू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, असं अजिबात कळवू नका. गणपतीवरची फळापानांची माटोळी सगळ्यांनी मिळून बांधा.

शेजाऱ्यांनी ऐकलेली गोष्ट बहुधा थायरॉइडच्या कॅन्सरवर देतात त्या आयोडीन-१३१ या किरण सोडणाऱ्या औषधाची असावी. त्याचा जोर निम्मा व्हायला ८ दिवस लागतात. बोन स्कॅनला टेक्नेशियम हे किरण सोडणारं द्रव्य वापरतात, ते दर ६ तासांनी निम्मं होतं. सकाळी ९ ला इंजेक्शन दिलं, तर दुसऱ्या दिवशी ९ ला सोळावा हिस्सा उरतो. बरंचसं लघवीवाटेही जातं, म्हणजे अंगात त्याहून कमीच. केस या इंजेक्शनाने गळत नाहीत.

माझ्या आईचा हाच स्कॅन झाला होता. बसमध्ये लघवीला लागेल म्हणून ती पाणीच पीत नव्हती. आणि नंतर पंधरा दिवस तिने माझ्या मुलाला मांडीवर घेतलं नाही. मी डॉक्टर, पण तिला शेजारी बसवून नीट समजावलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितेय.

इंजेक्शननंतर फोटो काढायला दोन ते चार तास थांबावं लागतं. त्या वेळात आणि घरी आल्यावरही त्यांना भरपूर पाणी प्यायला लावा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर किती प्यायचं ते आधी विचारा. लघवी बसून करावी, दोनदा फ्लश करावं, हात साबणाने धुवावेत. त्या दिवशी सुनेला सोबत नेऊ नका, आणि नातीला रात्री त्यांच्या कुशीत झोपवू नका. दुसऱ्या दिवशी ती खुशाल त्यांच्या मांडीवर बसू दे.

किरणांचा धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. या स्कॅनला साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप) लागतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. पण रोग हाडात पोचलाय का, यावर त्यांचे पुढचे उपचार ठरायचे आहेत. त्यापुढे हा धोका फार लहान आहे. अ‍ॅलर्जी क्वचित होते. अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवा.

आणि त्या आठवड्यात मोपाहून विमानाने कुठे जायचं असेल, तर स्कॅन झाल्याची चिठ्ठी खिशात असू द्या. विमानतळावरची किरण ओळखणारी यंत्रं वाजू शकतात.