पोर्टफोलिओत ऑफिसचं काम दाखवलं तर केस होईल का?

प्रश्न : वकीलसाहेब, सोलापुरातल्या एका जाहिरात संस्थेत मी दोन वर्षं डिझायनर आहे. पुण्याच्या एका एजन्सीनं ज्युनियर आर्ट डायरेक्टरच्या जागेसाठी पोर्टफोलिओ घेऊन बोलावलंय. सर म्हणतात, ‘इथलं एक काम जरी दाखवलंस तर हायकोर्टात खेचीन. सोडल्यावर वर्षभर दुसऱ्या एजन्सीत जायचं नाही, आणि तीन वर्षांचा बाँड मोडला म्हणून दीड लाख भरायचे.’ हे सगळं पाचशेच्या स्टॅम्पवर आहे, खाली माझी सही आहे. गड्ड्याच्या यात्रेचं मी केलेलं होर्डिंग त्यांनी डिझायनर म्हणून स्वतःचं नाव लावून स्पर्धेला पाठवलं. नोकरीच्या आधी मामांच्या चादरीच्या खोक्यावर मी मोर काढला होता, मामांनी चादरींची जोडी दिली होती. तो मोरही सर संस्थेचा म्हणतात. काम मी स्वतःच शिकले, त्यांनी काही शिकवलं नाही. घरचे म्हणतात, भानगड नको. काय करू?

उत्तर : सरांचं एक म्हणणं बरोबर आहे, तेवढं आधी मान्य करून टाकू. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. वेगळा करार असेल तरच तो तुमच्याकडे येतो, आणि पाचशेचा स्टॅम्प करून घेणारा माणूस असला करार कशाला करेल? तेव्हा यात्रेचं होर्डिंग तुम्हाला विकता येणार नाही, दुसऱ्या क्लायंटला देता येणार नाही.

पण कायदा मालक वेगळा धरतो आणि कर्ता वेगळा. कलम ५७ नुसार कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी ‘हे मी केलं’ असं सांगण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं. भिंत सरकारची, पैसे सरकारचे. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते सेहगलांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई दिली. तुमच्या सरांनी संस्थेच्या नावानं होर्डिंग पाठवलं असतं तर मी गप्प बसायला सांगितलं असतं. डिझायनर म्हणून स्वतःचं नाव लावलं, तिथं ते चुकले.

आता पोर्टफोलिओ. वर्तमानपत्रात छापून आलेल्या जाहिरातीचं कात्रण मुलाखतीत टेबलावर ठेवणं म्हणजे नवी प्रत काढणं नव्हे. ते बिनधास्त न्या. खाली लिहा : संकल्पना आणि मांडणी माझी, फोटो आणि मजकूर अमक्यांचा. आर्ट डायरेक्टर घेणारा माणूस हेच बघतो, कुठला निर्णय तुमचा होता ते. तेच काम इंटरनेटवर चढवायचं असेल तर मात्र सरांकडे ईमेलवर परवानगी मागा. नकार आला तर चढवू नका. क्लायंटला दाखवलेली पण बाहेर न आलेली कामं तर कुठंच दाखवायची नाहीत, आणि ऑफिसच्या मूळ फाइली पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ नका. आत्ता तुमची बाजू भक्कम आहे, त्या एका पेनड्राइव्हनं ती बिघडेल. सरांशी झालेले व्हॉट्सॲपवरचे संदेश मात्र पुसू नका, फोनही बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतात. ‘तुझा लेआउट आवडला’ हे सरांचं वाक्य त्यात सापडलं तर होर्डिंग कुणाचं, हा वाद फार लांबणार नाही.

वर्षभर दुसरीकडे जायचं नाही, ही अट मी वाचून सोडून दिली असती. नोकरी संपल्यावर पोट भरायला आडवी येणारी अट करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार शून्य. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये हेच धरलं : करार संपल्यावर बंधन चालत नाही. स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजारांचा, बेकायदा अट त्यानं कायदेशीर होत नाही. क्लायंटचे दर किंवा आतली माहिती पुण्याला नेणं ही वेगळी गोष्ट, ते करू नका.

बाँडचं तसं नाही. ‘बाँड कोर्टात टिकतच नाही’ असं कुणी सांगितलं असेल तर ऐकू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तिथं बँकेला पुन्हा जाहिरात, परीक्षा, भरती असा खर्च होता. तुमच्या सरांचा काय? करार कायद्याच्याच कलम ७४ नुसार दीड लाख ही वरची मर्यादा, मिळणार ती वाजवी भरपाई. दोन वर्षं भरली आहेत, शिक्षणावर त्यांचा खर्च नाही. नेमणूकपत्रातली नोटीस मुदत मात्र पुरी भरा. काम हातावेगळं केल्याचं ईमेलवर कळवा. माझा अंदाज, प्रकरण तडजोडीत मिटेल.

हायकोर्टाचं म्हणाल तर सोलापूरकरांसाठी ते ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला आलंय. पण कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयात सुरू होतो. सरांना एवढं लांब जावं लागणार नाही.

राहिला मोर. तो नोकरीच्या आधीचा, म्हणजे संस्थेचा संबंधच नाही. तारखेचा पुरावा मामांकडे आहे, जुन्या खोक्यावर छापलेला महिना आणि वर्ष बघा. खरा गुंता मामांशी आहे. पैसे घेऊन सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक सांगणारा असतो. मोबदला रोखच असावा लागतो असंही नाही. तेव्हा मामांनी दिलेली चादरींची जोडी ठरवून होती की दिवाळीची, हे दोघांनी आधी बोलून घ्या, आणि मग दोन सह्यांचा कागद करा. मोर फक्त खोक्यावर की टॉवेलवरही, किती वर्षं, कुठं कुठं, ते त्यात लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो.